बेबी मांजी प्रकरण : परदेशात जन्मलेले अपत्य, अनुपस्थित पालक आणि नागरिकत्वाची कागदपत्रे

राजस्थानच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाने १७ ऑक्टोबर २००८ रोजी एक ओळख प्रमाणपत्र जारी केले. ज्या व्यक्तीच्या नावे ते देण्यात आले, तिचे वय त्या दिवशी पूर्ण तीन महिन्यांचेही नव्हते. प्रमाणपत्रावर राष्ट्रीयत्वाची नोंद नव्हती आणि मातेचे नावही नव्हते. भारतात सरोगसीद्वारे जन्मलेल्या अपत्याला अशा प्रकारचा दस्तऐवज मिळण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. या कागदाच्या आधारे ती बालिका आपल्या आजीसमवेत जयपूरहून जपानला जाऊ शकली. न्यायालयीन कागदपत्रांत तिचे नाव ‘बेबी मांजी यामादा’ असे आहे आणि कायद्याच्या अभ्यासकांत हे प्रकरण त्याच नावाने ओळखले जाते.

आईवडिलांपैकी एक किंवा दोघेही दस्तऐवजावर येण्यास उपलब्ध नसतील, तर परक्या देशात जन्मलेल्या अपत्याचे नागरिकत्व कसे सिद्ध करावयाचे, हा या प्रकरणाचा गाभा आहे. भारतीय कुटुंबांनाही हा प्रश्न वेगळ्या वाटेने भेडसावतो. त्याचा तपशील या लेखाच्या उत्तरार्धात दिला आहे.

आणंद ते जयपूर

२००७ च्या अखेरीस एका जपानी दाम्पत्याने गुजरातमधील आणंद येथील एका रुग्णालयात सरोगसीचा करार केला. बीज पतीचे होते. स्त्रीबीज एका अनामिक दात्रीकडून घेण्यात आले आणि गर्भ वाढविला तो तिसऱ्याच एका विवाहित भारतीय स्त्रीने. प्रसूतीपूर्वी, जून २००८ मध्ये, या दाम्पत्याचा घटस्फोट झाला. घटस्फोटित पत्नीने होणाऱ्या अपत्याची जबाबदारी स्वीकारण्यास नकार दिला. पित्याला मात्र मूल हवे होते. २५ जुलै २००८ रोजी कन्येचा जन्म झाला.

दुसऱ्याच दिवशी, २६ जुलै रोजी, अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. गुजरातमधील तणावाची परिस्थिती पाहून ३ ऑगस्ट रोजी नवजात बालिकेला जयपूर येथील एका खासगी रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे एका स्त्रीने तिला स्तनपान दिले, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही आहे. जयपूर शहर स्वतः त्याच वर्षी १३ मे रोजी बॉम्बस्फोटांच्या आघातातून गेले होते. परंतु पित्याचे भारतीय स्नेही तेथे राहत असल्याने कुटुंबाला तो आधार वाटला. पित्याच्या व्हिसाची मुदत संपल्याने त्याला मायदेशी परतावे लागले. सत्तरी ओलांडलेली आजी जपानहून येऊन नातीजवळ राहिली.

अशा रीतीने त्या बालिकेच्या संदर्भात ‘माता’ हा शब्द तीन स्त्रियांना लागू शकत होता. जिने मूल मागितले तिने पाठ फिरविली होती, जिचे बीज होते तिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते आणि जिने जन्म दिला तिची भूमिका करारानुसार प्रसूतीबरोबरच संपली होती. त्या काळी वृत्तपत्रांतून सर्रास ‘भाडोत्री माता’ हा शब्द वापरला जाई. तो कानाला खटकतो हे खरे, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या स्त्रीचे स्थान काय, याचे उत्तर त्या शब्दातही नव्हते आणि अन्य कोणत्याही शब्दात नव्हते.

दाखल्यावर कोणाचे नाव?

पहिली अडचण जन्मदाखल्याची होती. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये नोंद करताना मातापित्यांची नावे अपेक्षित असतात. मातेच्या रकान्यात कोणाचे नाव लिहावे, याविषयी आणंद नगरपालिकेसमोर पेच उभा राहिला. अखेरीस जैविक पित्याचे नाव असलेला दाखला देण्यात आला.

दुसरी अडचण पारपत्राची. जपानी दूतावासाच्या दृष्टीने बालिका जपानी नागरिक ठरत नव्हती. जपानमध्ये अपत्याला जन्म देणारी स्त्रीच त्याची कायदेशीर माता मानली जाते. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००७ मध्ये एका सरोगसी प्रकरणात याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले होते. त्यानुसार बालिकेची माता भारतीय आणि तिचा पित्याशी विवाह झालेला नाही, असा निष्कर्ष निघत होता. विवाहबाह्य अपत्याचे पितृत्व जपानी पित्याने जन्मापूर्वीच विधिवत मान्य केलेले असेल, तरच ते अपत्य जन्मतः जपानी नागरिक ठरते. येथे तसे झाले नव्हते.

मग भारतीय पारपत्र का नाही, असा प्रश्न वाचकाला पडेल. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे तीन कालखंड आहेत. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, काही अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्यांच्या बाबतीत मातापित्यांपैकी एक भारतीय नागरिक असणे आवश्यक आहे. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. दोघेही भारतीय नागरिक असावेत, अथवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. जपानी पिता हा बेकायदा स्थलांतरित नव्हताच. म्हणजे जन्म देणारी भारतीय स्त्री ‘माता’ ठरली असती, तर बालिका भारतीय नागरिक ठरली असती. ती माता ठरते की नाही, हे सांगणारा कायदा मात्र अस्तित्वात नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे तेवढी होती. जनुकीय चाचणीने मूल आपले असल्याचे सिद्ध न केल्यास आईवडिलांनी ते दत्तक घ्यावे, असे त्यांत म्हटले होते. ही तत्त्वे बंधनकारक नव्हती आणि परदेशी पिता एकटाच उरला तर काय, याचा विचार त्यांत नव्हता. एकट्या पुरुषाने मुलगी दत्तक घेण्यास भारतीय व्यवस्थेत असलेला अडसर हीदेखील एक भिंत होती.

येथे भाषेचीही एक गंमत नमूद करावीशी वाटते. मराठीत आपण ‘पालक’ हा शब्द जन्मदात्यासाठी आणि पालनकर्त्यासाठी सारखाच वापरतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तो चालून जातो. नागरिकत्वाच्या कायद्यात मात्र हे दोन अर्थ वेगळे आहेत आणि नागरिकत्व मिळते ते जन्मदात्याकडून. आजी पालक होती, स्नेह्यांचे कुटुंबही काही काळ पालकच होते, परंतु त्यांपैकी कोणीही त्या बालिकेला राष्ट्रीयत्व देऊ शकत नव्हते.

दोन न्यायालये

दरम्यान जयपूरमधील एका स्वयंसेवी संस्थेने राजस्थान उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करण्यासाठीची याचिका दाखल केली. सरोगसीविषयी देशात कायदा नाही, या आडोशाने पैशाचा व्यवहार चालतो आणि बालिकेचा ताबा बेकायदा आहे, असे संस्थेचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने बालिकेला हजर करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध आजीने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ऑगस्टच्या मध्यास सर्वोच्च न्यायालयाने बालिकेचा तात्पुरता ताबा आजीकडे ठेवण्यास अनुमती दिली.

२९ सप्टेंबर २००८ रोजी न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि न्यायमूर्ती मुकुंदकम शर्मा यांच्या पीठाने अंतिम आदेश दिला. सरोगसीचे प्रकार, त्यामागील वैद्यकीय व व्यापारी बाजू यांचा ऊहापोह निकालपत्रात आहे. तक्रार असल्यास ती बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ खाली स्थापन झालेल्या आयोगाकडे नेता येईल, असे न्यायालयाने सांगितले. प्रवासाच्या दस्तऐवजासाठी आलेल्या अर्जावर केंद्र सरकारने त्वरेने निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा व्यक्त करण्यात आली आणि उच्च न्यायालयातील कार्यवाही संपुष्टात आणण्यात आली. बालिकेची कायदेशीर माता कोण आणि ती कोणत्या देशाची नागरिक, या दोन प्रश्नांना मात्र न्यायालयाने हात घातला नाही. व्यवहार म्हणून तो शहाणपणाचा मार्ग होता, कारण त्या वादात बालिकेचे पहिले वर्ष जयपुरातच गेले असते. परंतु पुढच्या प्रकरणासाठी वाट मोकळी झाली नाही, हेही तितकेच खरे.

उपाय निघाला तो पारपत्र अधिनियम, १९६७ मधून. या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये पारपत्राव्यतिरिक्त आणीबाणी प्रमाणपत्र आणि ओळख प्रमाणपत्र अशा प्रवास दस्तऐवजांची तरतूद आहे. ओळख प्रमाणपत्र हे राज्यविहीन अथवा ज्यांच्या राष्ट्रीयत्वाविषयी संदेह आहे अशा व्यक्तींसाठी असते. धारक भारतीय नागरिक आहे, असे ते सांगत नाही. ती कोण आहे आणि तिला देशाबाहेर जाण्यास हरकत नाही, एवढेच त्यातून कळते. जपानी दूतावासाने त्यावर मानवतेच्या भूमिकेतून एक वर्षाचा व्हिसा दिला. नोव्हेंबर २००८ च्या आरंभी आजी आणि नात ओसाका येथे पोहोचल्या.

याच वर्षी जपानमध्ये घडलेली एक घटना ध्यानात घेण्याजोगी आहे. ४ जून २००८ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील राष्ट्रीयत्व कायद्यातील एक अट घटनाबाह्य ठरविली. जपानी पिता आणि परदेशी माता यांच्या विवाहबाह्य अपत्याला पित्याने जन्मानंतर मान्यता दिली, तरी आईवडिलांचा विवाह झाल्याशिवाय नागरिकत्व मिळत नसे. हा भेदभाव असल्याचे न्यायालयाने म्हटले. तो खटला जपानी पिता आणि फिलिपिनो माता यांच्या मुलांचा होता. सुधारित कायदा १ जानेवारी २००९ पासून अंमलात आला, म्हणजे मांजी ओसाकाला पोहोचल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी.

आणखी काही मुले

आणंदमध्येच ४ जानेवारी २००८ रोजी एका जर्मन दाम्पत्यासाठी सरोगसीद्वारे जुळ्या मुलग्यांचा जन्म झाला होता. जर्मनीत सरोगसीला मान्यता नसल्याने त्यांना तेथील नागरिकत्व मिळाले नाही. ‘यान बालाझ विरुद्ध आणंद नगरपालिका’ या खटल्यात गुजरात उच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने टाळलेल्या प्रश्नाचे थेट उत्तर दिले. जन्म देणारी स्त्री भारतीय नागरिक आहे, पिता बेकायदा स्थलांतरित नाही, सबब ही मुले भारतीय नागरिक असून त्यांना पारपत्रे द्यावीत, असे न्यायालयाने म्हटले. केंद्र सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले. अखेर आंतरदेशीय दत्तक प्रक्रियेचा आधार घेऊन २०१० मध्ये ही मुले जर्मनीस गेली. त्या वेळी ती दोन वर्षांची होऊन गेली होती.

मुंबईही या प्रश्नापासून दूर राहिली नाही. २०१० साली एक इस्रायली पिता आपल्या नवजात जुळ्यांसह मुंबईत अडकून पडला होता, कारण पितृत्वाची चाचणी मागविण्यास जेरुसलेमच्या कौटुंबिक न्यायालयाने नकार दिला होता. वरच्या न्यायालयाने तो आदेश फिरविल्यावर मार्ग मोकळा झाला. त्याच सुमारास नॉर्वेच्या एका महिलेचाही जुळ्यांसह मुंबईतला मुक्काम लांबला. मुलांशी तिचे जनुकीय नाते नसल्याचे निष्पन्न झाले होते. नॉर्वेच्या मते त्यांची माता भारतीय होती आणि भारताच्या मते ती मुले भारतीय नव्हती.

विधी आयोगाने ऑगस्ट २००९ मधील २२८ व्या अहवालात, जन्मदाखल्यावर केवळ मूल मागणाऱ्या आईवडिलांचीच नावे असावीत, अशी शिफारस केली. गृह मंत्रालयाने जुलै २०१२ मध्ये सरोगसीसाठी येणाऱ्या परदेशी दाम्पत्यांना वैद्यकीय व्हिसा बंधनकारक केला. त्यासोबत, जन्मलेल्या मुलाला आपला देश प्रवेश देईल, असे त्यांच्या दूतावासाचे पत्रही आवश्यक ठरले. ही अट पाहिल्यावर मांजी प्रकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी नागरिकांसाठी सरोगसी बंद करण्यात आली. सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. या अधिनियमाने व्यापारी सरोगसीस मनाई केली असून जन्मणारे मूल हे मूल मागणाऱ्यांचे जैविक अपत्य मानले जाईल आणि कोणत्याही कारणास्तव त्याचा त्याग करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे.

उलट बाजू : परदेशात जन्मलेली भारतीय मुले

जयपूरच्या उत्तरेस सीकर मार्गावर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. हाच मार्ग पुढे शेखावाटीत जातो. सीकर, झुंझुनू आणि चुरू या जिल्ह्यांतील असंख्य कामगार आखाती देशांत नोकरीस आहेत. महाराष्ट्रात रत्नागिरी आणि रायगडच्या कित्येक गावांची हीच कथा आहे. आखाती देशांत केवळ तेथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. तेव्हा तेथे जन्मलेल्या मुलाचे सारे भवितव्य भारतीय दूतावासातील नोंदीवर अवलंबून असते. वडील नोकरी सोडून अन्यत्र निघून गेले, निधन पावले, अथवा त्यांनी संबंध तोडले, तर ही नोंद मागे पडते आणि मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाल्यावर प्रश्न पुढे येतो.

परदेशात जन्मलेल्यांना वंशपरंपरेने मिळणारे नागरिकत्व कलम ४ मध्ये सांगितले आहे. १० डिसेंबर १९९२ पूर्वी जन्मलेल्या मुलासाठी पिता भारतीय असणे आवश्यक होते. मातेचे नागरिकत्व विचारात घेतले जात नसे. त्या तारखेपासून मातापित्यांपैकी कोणीही एक भारतीय नागरिक असल्यास चालते. एकट्या मातेसाठी हा बदल किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको. मात्र तो परदेशी भूमीवरील जुन्या जन्मांना लागू नाही. तसेच भारतीय असलेली माता किंवा पिता स्वतः केवळ वंशपरंपरेने नागरिक असेल, तर आणखी अटी लागू होतात.

३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलांची नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात होणे आवश्यक आहे. मुदत उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते आणि तो अर्ज दूतावासामार्फत गृह मंत्रालयाकडे जातो. मुलाकडे अन्य देशाचे पारपत्र नाही, असे मातापित्यांनी घोषित करावयाचे असते. अधिनियमात येथे ‘मातापिता’ असे अनेकवचन आहे. एक जण बेपत्ता असेल, तर कागदावर पहिली ठेच लागते ती इथेच. अशा वेळी घटस्फोटाचा हुकूमनामा, मुलाच्या ताब्याविषयीचा न्यायालयीन आदेश, मृत्यूचा दाखला, अथवा यांपैकी काहीच नसल्यास परिस्थितीचे सविस्तर कथन करणारे शपथपत्र, हे कागद अर्जासोबत जोडण्याची तयारी ठेवावी लागते. या सर्वांपूर्वी स्थानिक जन्मदाखला हवा. ज्या देशांत जन्मनोंदणीसाठी विवाहाचा दाखला मागितला जातो, तेथे अविवाहित मातेची कोंडी होते, कारण पहिलाच कागद तिच्या हाती पडत नाही.

देशांतर्गत पारपत्र कार्यालयांची भूमिका गेल्या काही वर्षांत बरीच बदलली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी एका अविवाहित मातेच्या प्रकरणात, पालकत्वासाठी पित्याचे नाव उघड करण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही, असा निर्णय दिला. शपथपत्राच्या आधारे एकट्या मातेच्या नावे जन्मदाखला देण्यात यावा, असेही त्यात म्हटले आहे. मे २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पारपत्रावर पित्याच्या नावाचा आग्रह धरता येणार नाही, असे सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सुधारले आणि माता, पिता अथवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचेच नाव पुरेसे ठरले. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसल्यास अज्ञान मुलाच्या पारपत्रासाठी विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्र देता येते. आजही कार्यालयाच्या खिडकीवर वडिलांची सही मागितली जातेच. तशा वेळी डिसेंबर २०१६ च्या नियमांचा हवाला द्यावा.

मात्र पारपत्रावरील नाव आणि नागरिकत्वाचा आधार या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. पित्याचे नाव न छापताही पारपत्र मिळू शकते. परंतु ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलासाठी दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा ही अट कायम आहे, आणि जो पालक कोठे आहे हेच ठाऊक नाही त्याच्याविषयी हे कसे दाखवावे, याचे सोपे उत्तर कायद्यात नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत, विस्मयाची बाब म्हणजे, ही अट नाही. तेथे एक भारतीय पालक आणि वेळेत केलेली नोंद पुरते.

अमेरिकेसारख्या देशात जन्मलेल्या आणि तेथील पारपत्र घेतलेल्या मुलाला कलम ४ खाली नोंद करून घेता येत नाही. त्याच्यासाठी परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणीचा, म्हणजे ओसीआय कार्डाचा पर्याय आहे. एक पालक भारतीय नागरिक असल्यास अज्ञान मुलाला हे कार्ड मिळू शकते.

भारताने बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय करारास ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. त्याच्या अनुच्छेद ७ नुसार प्रत्येक बालकाची जन्मानंतर लगेच नोंद व्हावी आणि त्याला नाव व राष्ट्रीयत्व मिळविण्याचा हक्क असावा. राज्यविहीनतेविषयीच्या १९५४ आणि १९६१ च्या करारांवर मात्र भारताची स्वाक्षरी नाही. त्यामुळे दोन देशांच्या कायद्यांमध्ये सापडलेल्या मुलासाठी निर्णय प्रकरणपरत्वे होतो.

जी माता मुलाला घेऊन कायमची भारतात परतली आहे, तिच्यासाठी जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम २० मध्ये एक तरतूद आहे. परदेशातील जन्म दूतावासात नोंदविला गेला नसेल आणि मातापिता भारतात स्थायिक होण्यासाठी आले असतील, तर मूल भारतात पोहोचल्यापासून ६० दिवसांच्या आत स्थानिक निबंधकाकडे ती नोंद करता येते. तिचे महत्त्व आता वाढले आहे, कारण १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पारपत्रासह अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. ही नोंद नागरिकत्वाची नव्हे, केवळ जन्माची असते. कलम ४ खालील अर्ज स्वतंत्रपणे करावाच लागतो.